बर्नीनं कॅलिबर बदललं

नाही जस्टीन, तू मधे बोलूच नकोस. काल फोनवर तेच केलंस. मी नुसतं "जेराल्डिन" म्हटलं, की तुझं सुरू, "अगं वहिनी, बिचारीचा नवरा गेलाय, दादा जरा मदत करतोय, त्यात एवढं काय?" म्हणून मी फोन आपटला आणि कागद घेतला. पत्राचा हाच एक मोठा गुण आहे, नणंदेला मधे तोंड घालता येत नाही. आता शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना मान हलवू नकोस. तू मान हलवतेस ते मला पेनसिल्व्हेनियात बसून दिसतं.

बरं, रीत म्हणून विचारते. गुडघा कसा आहे? तुमच्या घरामागच्या तळ्यातली ती मगर अजून आहे की कुणी हलवली? लेनर्डचं साखरेचं दुखणं कसं आहे, आणि तो अजून लपून डोनट खातो का? (खात असेल. नवरे लपूनच सगळं करतात. त्यावर मी येतेच आहे.) इकडे आम्ही सगळे चांगले आहोत. म्हणजे मी चांगली आहे. तुझा भाऊ तर फारच चांगला आहे, गुरुवारी गुरुवारी तर अगदी दाढी करून चांगला असतो.

तुला जेराल्डिन वास्को आठवते ना? वॉल्टची बायको. शाळेत तुझ्या पुढच्या वर्गात होती, केस सोनेरी, आणि अजूनही सोनेरीच आहेत, कसे ते देवाला आणि बाटलीला माहीत. वॉल्ट गेला त्याला दीड वर्ष झालं. वसंतात तिच्या अंगणात अस्वल आलं, पाखरांसाठी टांगलेला दाण्यांचा डबा ओरबाडून नेला आणि जाताना गॅरेजचं दार वाकवून गेलं. आता अस्वलं काय, कुणाच्याही अंगणात येतात, आमच्या येतात, फादरच्याही येतात. आपण दाणे घरात घेतो आणि विषय संपवतो. पण जेराल्डिन घाबरली. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कॉफीचा कप हातात धरून सगळ्या पुरुषांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला एखादं पिस्तूल घ्यावं म्हणते. सेमी-ऑटोमॅटिक. परवडेल असं. मला त्यातलं काहीच कळत नाही." जस्टीन, आपल्या हॅरो क्रीकमध्ये एखाद्या बाईनं पुरुषांच्या घोळक्यात "मला पिस्तुलातलं काहीच कळत नाही" असं म्हणणं म्हणजे कुत्र्यांच्या घोळक्यात मटणाचं हाड टाकणं. सगळे धावले. त्यात तुझा भाऊ सर्वांत पुढे होता, ज्याला घरात जिना चढताना दम लागतो.

तेव्हापासून दर गुरुवारी तो तिला घेऊन जातो. आधी मला वाटलं नॉर्ब केसलरच्या दुकानात जाईल, दहा मिनिटांत एक घेऊन देईल, परत येईल. पण नाही. हा नॉर्बकडे गेलाच नाही. पलीकडच्या जिल्ह्यात जातो, त्याच्याही पलीकडच्या जिल्ह्यात जातो, जिथे पिस्तूल भाड्यानं घेऊन झाडून बघता येतं. जुनं फ्रीज बंद पडलं तेव्हा मी याला म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर, जरा बघू. तेव्हा हा गाडीतून उतरलाही नाही. बेसबॉलची मॅच ऐकत बसला आणि काच खाली करून म्हणाला, "पांढरं घे." एवढीच त्याची मदत. आणि आता बाईसाहेबांच्या पिस्तुलाची मूठ हातात नीट बसते की नाही हे बघायला तो डोंगर ओलांडून जातो. येताना दोघं बेकरीत थांबून चेरीची गोड पाय-पेस्ट्री खातात. मला कसं कळलं? शर्टावर चेरी होती. (मी शर्ट हुंगत नाही, जस्टीन. मी तो धुते. चेरी दिसते.)

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. नवरा गेलेल्या बाईला मदत करणं पुण्याचं काम आहे, हे मलाही कळतं. माझ्या काळजाला जे लागलं ते वेगळंच, आणि ते तुलाच कळेल, कारण तू त्याची बहीण आहेस आणि त्याच घरात वाढलीस.

बर्नीनं कॅलिबर बदललं.

आता तुझ्या फ्लोरिडात लोक कदाचित रोज कॅलिबर बदलत असतील, मला माहीत नाही. पण आपल्याकडे गावात बायको बदललेला माणूस सापडेल, चर्च बदललेला सापडेल, एक तर असा आहे की त्यानं ट्रकची कंपनी बदलली आणि त्याचा भाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही. पण कॅलिबर बदललेला माणूस मी पाहिला नव्हता. तुझे वडील पंचेचाळीसच्या जाड गोळीवाले. तुझा भाऊ पंचेचाळीसवाला. आमच्या लग्नात कुकीजच्या टेबलापाशी उभे राहून तुझ्या वडिलांनी मला आशीर्वाद दिला तो काय होता, आठवतं? "सुखी राहा, आणि घरात नऊची गोळी आणू नका." मला तेव्हा वाटलं नऊ, चाळीस, पंचेचाळीस हे सगळं पाढ्यासारखं असेल, पंचेचाळीस म्हणजे नऊच्या पाचपट जाड. मग बर्नीनं हनिमूनच्या गाडीत समजावलं की नऊ हे मिलिमीटर आणि बाकीचे इंचाचे शंभरावे भाग, म्हणजे दोन्ही गोळ्या तशा जवळजवळच्याच, एक जरा जाड, एक जरा बारीक. मी म्हटलं, मग एवढं भांडण कशाला? तो नायगरा येईपर्यंत बोलला नाही.

तर गेल्या शुक्रवारी आम्ही चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगी करत होतो. मी कडा दाबत होते, शेजारी जेराल्डिन बटाट्याचं सारण भरत होती (जास्त भरते, मग उकळताना फुटतात, पण तिला कोण सांगणार). ती म्हणाली, "अगं अर्लीन, तुझा बर्नी किती समजूतदार आहे. मला म्हणाला, पंचेचाळीसच्या भानगडीत पडूच नकोस, नऊ घे. झटका कमी, गोळ्या स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळतात, आणि आजकालची नऊ काही वाईट नसते." माझ्या हातातली पिरोगी फुटली. आयुष्यात पहिल्यांदा माझी पिरोगी फुटली, जस्टीन. मी म्हटलं, "आजकालची नऊ काही वाईट नसते, असं म्हणाला? बर्नी सोप्को?" ती म्हणाली, "हो, आणि स्वतः झाडून दाखवली. किती छान झाडतो गं."

माझ्यासाठी या माणसानं कॉफीसुद्धा बदलली नाही. डॉक्टरनं सांगितलं तेव्हाही नाही. आणि हिच्यासाठी वडिलांचा धर्म सोडला.

मग मी ठरवलं. पिस्तूल घ्यायचं असेल तर मलाही घेता येतं, आणि मलाही परवडणारं लागतं. मी सरळ नॉर्बच्या दुकानात गेले. तिथे स्टोव्हपाशी नेहमीसारखे म्हातारे बसले होते, तो चेट पण, जो काही विकत घेत नाही आणि सगळ्यांना सांगत असतो काय घ्यायचं. मी म्हटलं, "नॉर्ब, मला पिस्तूल दाखव. सेमी-ऑटोमॅटिक. चारशेच्या आत." नॉर्ब म्हणाला, "वहिनी, बर्नीला माहीत आहे ना?" मी म्हटलं, "त्याचं मला माहीत नसतं, माझं त्याला कशाला?" चेट कपात बघून हसला.

नॉर्बनं आधी काय काढलं असेल? एक एवढंसं, मुठीत मावेल असं, मूठ गुलाबी. म्हणाला, बायकांसाठी हे बरं, तीनशे ऐंशीची गोळी, आकडा मोठा पण गोळी लहान, हलकी. मी हातात घेतलं. वरची स्लाइड मागे ओढायला गेले तर ती अशी घट्ट की जणू कुणी आतून धरून ठेवली आहे. नॉर्बच म्हणाला, "ही लहान असतात ना वहिनी, त्यांची स्प्रिंग कडक असते. बऱ्याच बायकांना ओढवतच नाही. जेराल्डिन एकदा एकटीच आली होती, तिला तर..." मी ती खटकन ओढली. तीस वर्षं पिरोगीच्या कडा दाबते आहे मी, नॉर्ब केसलर, मला कशाच्या स्प्रिंगा सांगतोस. तो जरा मागे सरकला. म्हणाला, "मग तुम्हाला मोठं घेता येईल." मी म्हटलं, "मग हे गुलाबी कुणासाठी ठेवलंस?" चेट म्हणाला, "नवऱ्यांसाठी. बायकांना देण्यासाठी घेतात आणि मग परत आणून विकतात."

मग त्यानं मागच्या आवारात सगळी पिस्तुलं झाडायला दिली. गुलाबीनं माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात चावा घेतला. लहान म्हणजे नरम, हे पिस्तुलात आणि सासवांत खरं नाही. नऊचं घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, छान होतं. हातात बसलं, फार उडलं नाही, कागदावरच्या वर्तुळात गोळ्या एकीशेजारी एक बसल्या. किंमतही बसत होती. चेट म्हणाला, "हेच घ्या वहिनी, डोकं चालवा. नऊच्या गोळ्या रोज झाडल्या तरी नवरा भिकेला लागत नाही." सगळी दुनिया हेच घेते, असं नॉर्ब म्हणाला. आणि तिथेच चुकला. सगळी दुनिया घेते, म्हणजे जेराल्डिनही घेते. मी म्हटलं, "हे सोडून."

"मग पंचेचाळीस?"

"तेही नको. ते त्याचं आहे." म्हणजे होतं.

तेव्हा नॉर्बनं काउंटरखालून एक काढलं. काळं, कडेनं घासलेलं, मोठं. कुठल्याशा पोलिसांकडून परत आलेलं. सगळे पोलीस एकदम चाळीसकडे गेले होते, आता सगळे एकदम नऊकडे परत आले, म्हणून चाळीसची ही ढीगभर पडली आहेत, कुणी हात लावत नाही, म्हणून स्वस्त. गोळ्या मात्र नऊपेक्षा महाग, आणि झटका असा तिरपा की मनगट म्हणेल, काय बाई हे. सगळ्यांनी वापरून टाकून दिलेलं, पण आतून धड. मला ते बघताक्षणीच आवडलं. मी म्हटलं, "हेच द्या." चेट म्हणाला, "चाळीस? अहो, चाळीस कोण घेतं?" मी फॉर्मवर सही केली, नॉर्बनं नेहमीचा सरकारी तपासणीचा फोन केला, आणि मी चाळीसवाली झाले. आपल्या घराण्यात पहिली.

आता लेबर डेच्या शनिवारच्या स्पर्धेचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपलंय. तू फ्लोरिडाला गेल्यावर बोलिंगचा हॉल बंद पडला (जिथे तुझ्या भावानं मला मागणी घातली, त्याच जागी आता टायर विकतात), आणि त्याच्या सगळ्या जुन्या, बाटलीएवढ्या लाकडी पिना नेमबाजीच्या क्लबनं आणल्या. टेबलावर पाच पिना उभ्या करायच्या, दोघांच्या जोडीनं गोळ्या झाडून पाडायच्या, आणि ज्यांचं टेबल आधी रिकामं होईल ती जोडी जिंकते. जिंकणाऱ्याला हॅम. पिन नुसती आडवी पडून उपयोग नाही, टेबलावरून खाली गेली पाहिजे. आणि इथेच नऊचा घोळ आहे, बर्नीच आयुष्यभर सांगत आला. नऊची गोळी बसली की पिन पडते, पण जात नाही. तिथेच टेबलावर लोळत राहते, आणि मग आडव्या पिनेला मारून खाली ढकलता ढकलता जीव जातो. जेराल्डिनसारखीच. म्हणून तिथे सगळे पंचेचाळीसवाले. आणि बर्नीनं यंदा क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं होतं, "माझं नाव घाल. जोडीदार मग सांगतो."

मग सांगतो. मला हे सेक्रेटरीच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगताना तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी तिला माफ करणार नाही.

बुधवारी जेवताना मी माझ्या पिस्तुलाची पेटी टेबलावर ठेवली, कोबी-नूडल्सच्या शेजारी. बर्नीनं झाकण उघडलं. मला वाटलं आता विचारेल, का गं, कशासाठी, काय झालं. त्यानं पेटीत पाहिलं आणि म्हणाला, "चाळीस?"

मी म्हटलं, "हो."

"चाळीस कोण घेतं, अर्लीन?"

"आणि नऊ कोण घेतं, बर्नी?"

मग तो जेवायचा थांबला. मी सगळं काढलं. गुरुवारची दाढी, चेरी, फ्रीज, "किती छान झाडतो गं", सेक्रेटरीची बायको. त्यानं काटा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि म्हणाला, "मला पंचेचाळीस पेलत नाही आता."

मी म्हटलं, "काय?"

"मनगट गेलंय. दुसरी गोळी कुठे जाते मलाच कळत नाही. नऊ झाडता येते का ते बघायचं होतं, आणि नॉर्बकडे बघता येत नव्हतं. चेट बसलेला असतो तिथे." मग ताट बाजूला सारत, "तिला दाखवतोय असं सांगून झाडता येत होतं."

जस्टीन, तुझा भाऊ दोन जिल्हे ओलांडून, एका विधवेच्या आडून, लपून नऊ झाडत होता. लोक बाई लपवायला कॅलिबरचं निमित्त सांगतात. यानं कॅलिबर लपवायला बाई वापरली. मला हसू यायला हवं होतं. आलंही होतं, ओठापर्यंत. पण मी विचारलं, "आणि तिला माहीत आहे? मनगटाचं?"

"तिनं ओळखलं," तो म्हणाला. "चर्चच्या फिश फ्रायच्या जेवणाला कप सांडला माझ्या हातून तेव्हा. वॉल्टचं तसंच झालं होतं म्हणे."

घे. तिनं ओळखलं. एकदा कप सांडला आणि तिला कळलं. मी रोज समोर बसते. आता मी त्याच्या हाताकडे कशाला बघत बसू, मी त्याच्या ताटाकडे बघते, संपलं का, अजून वाढू का. आणि मला सांगायचं नाही का? तर म्हणतो, "तुला बंदुकांचा आवाजच सहन होत नाही. दरवर्षी विचारायचो, चल म्हणून. डोकं दुखतं म्हणायचीस." म्हणायचे मी. दुखायचंही. पण दरवर्षी नाही म्हटलं म्हणजे नवऱ्यानं विचारायचं थांबवायचं असतं का? तुमच्या चर्चचे फादर दरवर्षी उपासाचं सांगतात, लेनर्ड डोनट सोडतो का? तरी सांगतातच ना.

तेव्हा आता असं ठरलंय की शनिवारी त्याच्या शेजारी टेबलापाशी मी उभी राहणार. मी ठरवलंय. अट एकच, त्यानं नऊ घेऊन यायचं, उघड, चेटसमोर, सगळ्या क्लबसमोर. तो "हो" म्हणाला नाही. "लोक काय म्हणतील" असं म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या बायकोच्या हातात चाळीस असताना तुझ्याकडे कोण बघतंय? काल दिवसभर तो गॅरेजमध्ये होता. जुन्या पंचेचाळीसची आणि गुपचूप घेतलेल्या नऊची, दोन्ही पेट्या उघडतो, बंद करतो. मला आवाज येतो. आणि आज तोच शनिवार आहे, आता थोड्या वेळात निघायचंय, आणि त्याचं अजून ठरलेलं नाही. लेनर्डला सांग, डोनटमध्ये मोजून एक भोक असतं, खायचं असेल तर तेवढं खा. तुझ्या गुडघ्याला जप. तुझी वहिनी,

अर्लीन

ता. क. जेराल्डिन वाईट नाही. हे मी कुणासमोर म्हणणार नाही, तुलाही म्हटलेलं नाही असं समज. काल क्लबच्या आवारात आम्ही दोघींनी जुन्या पिनांवर झाडून बघितलं. तिची नऊ माझ्याहून नेमकी लागते. पाचच्या पाच पिना पाडल्या तिनं, आणि पाचही टेबलावर लोळत राहिल्या. माझ्या दोनच लागल्या, पण त्या खाली गेल्या त्या गेल्याच, एक तर कुंपणापर्यंत. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाली, "अर्लीन, हे कुठलं गं?" मी सांगितलं, आता मिळत नाहीत, शेवटचं होतं. (नॉर्बकडे अजून अर्धं खोकं आहे.)

दुसरा ता. क. आत्ता बर्नी स्वयंपाकघरात आला. दोन्ही पेट्या दोन हातांत, पंचेचाळीसची डाव्या हातात. दारात उभा राहून मला विचारलं, "कुठली घेऊ?" मला. मला विचारलं. लग्न झाल्यापासून या माणसानं मला मोजाही कुठला घालू विचारलेलं नाही. मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, हे वाक्य पूर्ण लिहिलं, तो तसाच उभा राहिला. मग म्हटलं, "नऊ. आणि तो गुरुवारचा शर्ट बदल." पंचेचाळीसची पेटी त्यानं फ्रीजवर ठेवली आणि शर्ट बदलायला गेला.

तिसरा ता. क. खरं म्हणजे हे सगळं पत्र मी एवढंच विचारायला लिहिलं, आणि फोनवर तू विचारू दिलं नाहीस. मनगटाचं तुला माहीत होतं का? त्यानं तुला सांगितलं होतं का, माझ्याआधी? तो दर रविवारी तुझ्याशी बोलतो, अर्धा अर्धा तास, मी काय हवामानाचं समजते. उत्तर लिहू नकोस. "नाही" लिहिलंस तर मला पटणार नाही, आणि "हो" असेल तर ख्रिसमसला तुम्ही दोघं हॉटेलात उतरा. फोनही करू नकोस, घरात कुणी नाही. तो गाडी सुरू करून बसलाय आणि मी हे पाकीट दारातल्या टपालपेटीत टाकून निघाले.